भिंतीतून येऊ नका

बिराजदार साहेब नसलेल्या दारातून जातात.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई कोडी घालतेय. आमची साइट हैदराबादला, मलकपेठेत. तिथे आमच्या कंपनीचा राहत्या घरांचा टॉवर उभा राहत होता. नुकताच स्लॅब पडलेला मजला तुम्ही कधी पाहिला असेल तर आठवा. खाली काँक्रीट, वर काँक्रीट, मध्ये खांब आणि बाकी सगळा वारा. भिंत औषधालासुद्धा नाही. अशा मजल्यावर तुम्हीआम्ही काय करू? या टोकाला जिना, त्या टोकाला काम, तर नाकासमोर चालत जाऊ. बिराजदार साहेब हातात टॅब्लेट धरून चार पावलं सरळ जायचे, मोकळ्या जागेत खाडकन थांबायचे, काटकोनात वळायचे, कडेकडेने चालत एका जागी यायचे, तिथे पाय जरासा उचलून पलीकडे टाकायचे आणि मग पुन्हा मूळ दिशेला लागायचे. कारण टॅब्लेटमध्ये तिथे भिंत होती आणि दार कडेला होतं.

मी साइटवर रुजू झाले त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. लांबून साहेब दिसले म्हणून मी सरळ त्यांच्याकडे निघाले, तर ते दोन्ही हात वर करून ओरडले, "अवं मॅडम! भिंतीतून कुठं यायलाव?"

मी दचकून मागे पाहिलं. "कुठली भिंत?"

"ही काय!" त्यांनी हवेत थाप मारली. "दार तिकडं हाय. तिकडून या."

मी पुण्याची. कुणी कुठून यावं हे सांगायचं काम आमच्याकडे असतं, ऐकायचं नसतं. पण नोकरीचा पहिला दिवस. मुकाट्याने वळसा घालून नसलेल्या दारातून आत गेले. साहेबांनी प्रसन्न मुद्रेने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हां. आता बोला."

घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, मी एका ठार वेड्या माणसाच्या हाताखाली लागले आहे. नवरा आयटीतला. तो म्हणाला, "आमच्याकडे असेच असतात. पगार वेळेवर देतात ना?"

व्यंकटराव बिराजदार हे आमच्या साइटचे डिजिटल प्रमुख. आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले, तेव्हापासून घराणं इथलंच. त्यामुळे साहेबांची मराठी ऐकण्यासारखी. वाक्य सुरू व्हायचं मराठवाड्यात, मध्येच चारमिनारला वळसा घालायचं आणि तेलुगूत संपायचं. हो म्हणायचं तर "हौ", नको म्हणायचं तर "नक्को", आणि एखाद्याचं बोलणं पटलं नाही की "हौल्या बाता नक्को". हौला म्हणजे खुळा. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण माझ्या बऱ्याच बाता हौल्या निघाल्या.

आयुष्य कागदी नकाशांवर गेलेला हा माणूस. त्यांच्या वयाचे लोक फोन उघडून द्यायला नातवंडांना हाक मारतात, त्या वयात ते कॉम्प्युटरवर अख्खी बिल्डिंग बांधायला शिकले. आम्ही तिला मॉडेल म्हणतो. प्रत्येक खांब, पाइप, वायर, दार, खिडकी आधी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची आणि मगच जमिनीवर. मी एकदा म्हटलं, "म्हणजे आधी खोटी बिल्डिंग बांधायची, मग खरी." साहेब दुखावले. "खोटी न्हाई मॅडम. आधीची."

ही आधीची बिल्डिंग म्हणजे त्यांचं दैवत. कुणी काहीही सांगायला आलं की पहिला प्रश्न, "मॉडेलमध्ये हाय का?" आणि असेल तर दुसरा, "व्हर्जन कंचं?" मॉडेलमध्ये जे नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही. गेटजवळ पत्र्याची कँटीन उभी राहिली. सगळी साइट तिथे चहा पिऊ लागली. साहेब तिच्यासमोरून रोज असे जायचे की जणू तिथे मोकळं पटांगण आहे. शेवटी मीच वैतागून मॉडेलमध्ये एक पत्र्याची शेड काढली आणि आत दोन बाकडी टाकली. दुसऱ्या दिवशी साहेब कँटीनमध्ये हजर. "अरे वा," म्हणाले, "बरी जागा केलीत."

डब्यालाही त्यांची पद्धत. भाजीच्या डब्याला एक रबर, आमटीच्या डब्याला दोन, पोळ्यांच्या डब्याला मधोमध गाठ मारलेली सुतळी. मी म्हटलं, "साहेब, डब्याचंही कोडिंग केलंत?" ते नुसते हसले. त्या दिवशी मला स्वतःच्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं.

हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र त्यांनीच आणलं. ते सिमेंटने माखलेल्या गवंड्यांना ओळखेना. आमचा मुख्य मिस्त्री यादगिरी यंत्रासमोर उभा राहून तेलुगूत स्वतःचं नाव, गाव, बापाचं नाव सांगायचा आणि यंत्र थंडपणे म्हणायचं, अनोळखी व्यक्ती. साहेबांनी गेटवर तोंड धुवायची सोय केली, तेव्हा जमलं. आणि मग एका सोमवारी साहेब मिशी काढून आले. अख्ख्या साइटने कामं टाकून ती गंमत पाहिली. यंत्राने सगळ्यांना आत घेतलं आणि साहेबांना बाहेर ठेवलं. बरं, बाजूने आत यायचं तर तेही पटेना. "सिस्टिम म्हंजे सिस्टिम," म्हणत उन्हात उभे राहिले. मी त्यांचा नवा फोटो चढवला तेव्हा कुठे पाऊल आत पडलं.

ड्रोनचंही तसंच. आठवड्याला तो उडवायचा, वरून फोटो काढायचे आणि काम किती झालं ते मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवायचं. एकदा वाऱ्याने तो भरकटला आणि रेसकोर्सवर गेला. मीटिंगमध्ये पडद्यावर घोडे धावायला लागले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर रेड्डी गारू (इथे तेलुगूत साहेबांना गारू म्हणतात) शांतपणे म्हणाले, "बिराजदार साब, ये घोडे कौनसे फ्लोर पे हैं?"

रेड्डी गारूंचा या सगळ्यावर मुळीच विश्वास नव्हता. मॉडेलला ते टीव्ही म्हणायचे. "तुम्हारा टीवी क्या बोल रहा आज?" असं दारातूनच विचारायचे. त्यांच्या मते बिल्डिंग बांधायला सिमेंट, सळई आणि आवाज एवढंच लागतं, आणि आवाज त्यांचा होता.

पण हसता हसता एक गोष्ट कबूल करायला हवी. याआधीच्या माझ्या साइटवर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गवंडी यांची पहिली भेट थेट स्लॅबवर व्हायची. पाइपच्या वाटेत तुळई यायची, वायरच्या वाटेत पाइप यायचा, मग फोडा, पुन्हा भरा, पुन्हा फोडा. तीच बिल्डिंग आम्ही जवळजवळ दोनदा बांधली. इथे तसं घडत नव्हतं. पाइप आणि तुळया कॉम्प्युटरमध्येच एकमेकांवर आदळायच्या, ती जागा लाल व्हायची आणि साहेब टाळी वाजवून म्हणायचे, "सापडलं! भांडण स्क्रीनवर करा, काँक्रीटवर नक्को." अशी प्रत्येक टक्कर सापडली की ते सगळ्यांना उस्मानिया बिस्किटं वाटायचे. मुलगा झाल्यासारखे हातात पुडा घेऊन टेबलाटेबलावर फिरायचे. आमची साइट मजल्यामागून मजले वेळेत चढत होती, हातोडे कमी वाजत होते आणि बिस्किटांमुळे माझं वजन वाढत होतं. रेड्डी गारूसुद्धा बिस्किट घ्यायचे, मात्र चेहरा कडू ठेवून.

असा हा माणूस एका मीटिंगमध्ये फिरला.

झालं असं की, अकराव्या मजल्यापासून वरच्या फ्लॅटच्या एका रांगेत सांडपाण्याचा पाइप तुळईवर आदळत होता. पडद्यावर जागा लालभडक. तुळई तोडता येत नाही, म्हणून पाइप सरकवायचा. पाइप सरकला की तो ज्यातून खाली उतरतो ती पोकळी दाराच्या जागी सरकणार, आणि पोकळी सरकली की स्वयंपाकघराचं दार भिंतीच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाला जाणार. एवढंच. मी दुरुस्ती करून आणली आणि बिस्किटाच्या आशेने साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "दार न्हाई हलणार."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "साहेब, मॉडेलच सांगतंय."

"मॉडेल चुकायलंय. पाइपचं दुसरं काही बगा. दार हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

मॉडेल चुकतंय? हे वाक्य, या तोंडातून? उद्या भटजींनी पंचांग फेकून द्यावं तसं वाटलं. मी पाइपचे आणखी दोन मार्ग काढून दाखवले. एकात वरच्या घराचं पाणी खालच्या घरात झिरपण्याची भीती, दुसऱ्यात उतारच पुरेना. साहेबांना हे माझ्याआधी कळत होतं. तरी मान हलेना.

आता यातली अडचण समजून घ्या. साहेबांच्या मंजुरीशिवाय कुठलाही नकाशा साइटवर जायचा नाही, हा नियम त्यांनीच भांडून करून घेतला होता. ते अडून बसले आणि अकराव्या मजल्याच्या भिंती थांबल्या. यादगिरीची माणसं विटांच्या थप्प्यांवर बसून मोबाइल बघायला लागली. रेड्डी गारूंना तर हातात कोलीत मिळालं. "मैं बोला था ना? टीवी से बिल्डिंग नहीं बनती. सोमवारतक अप्रूवल नहीं आया तो टीवी बंद. मैं पुराने हिसाब से काम चालू करता." पुराना हिसाब म्हणजे कागदावर पेनाने गोल करायचा, त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि बाकी देवावर सोडायचं. म्हणजे साहेबांनी जे काही उभं केलं होतं ते त्यांच्याच हट्टापायी सोमवारी आडवं होणार होतं.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. मला राग आला की मी शब्द मोजत नाही.

"साहेब, एका दारासाठी सगळं घालवणार आहात का? कालपर्यंत आम्हाला शिकवत होतात, भांडण स्क्रीनवर करा. आता तुम्हीच काँक्रीटवर उतरलात!"

ते डबा खात होते. डब्याचं रबर बोटाभोवती गुंडाळत राहिले. "मॅडम," म्हणाले, "सगळीच दारं सरकवायची नसतात."

"हौल्या बाता नक्को," मी म्हटलं आणि दार आपटून बाहेर आले. ते दार मात्र खरं होतं.

रविवारी साइट बंद असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी उत्तर हवंच होतं, म्हणून दुपारी मी स्वतः अकराव्या मजल्यावर जागा मोजायला गेले. लिफ्ट बंद, जिने चढत गेले. दहाव्यावर दम लागून थांबले तर वरून आवाज आला.

"उंबरा."

साहेबांचा आवाज. मग, "आता डावीकडं मोरी. हौ. हात लाव."

मी हळूच वर जाऊन पाहिलं. त्या मोकळ्या मजल्यावर एक बाई चालत होत्या. जरीकाठी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हेल्मेटखालून बाहेर आलेला मोगऱ्याचा गजरा. त्यांच्या मागे दोन हात अंतरावर साहेब, टॅब्लेट घेऊन. बाई चार पावलं सरळ गेल्या, थांबल्या, काटकोनात वळल्या आणि उजवा हात उचलून हवेवरून असा फिरवत निघाल्या की मला शपथेवर तिथे भिंत दिसली. एका जागी त्यांनी पाय जरासा उचलला आणि पलीकडे टाकला. "इथं ओटा," त्या म्हणाल्या, "आणि इथं माझे डबे." त्यांची नजर समोर होती पण कशावरच नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक रबर भाजीचा, दोन आमटीचे, सुतळी पोळ्यांची. त्या बाईंना दिसत नव्हतं.

मी पुढे झाले. सरळ जाणार होते, पण पाय आपोआप थबकले.

"कोण आलं?" बाईंनी मान वळवली. "जे कोण असाल ते दारातून या हो. भिंतीतून नका येऊ."

मी वळसा घालून दारातून गेले. खरं सांगते, बाहेर चपला काढाव्यात असं वाटलं.

साहेब चोरी पकडल्यासारखे उभे होते. "ही आमची कमल," म्हणाले. "आणि ह्या आमच्या पुण्याच्या मॅडम."

"रागीट त्याच ना?" काकूंनी हसून विचारलं.

मग कळलं ते असं. साखरेच्या दुखण्याने काकूंची नजर हळूहळू गेली. मलकपेठेतलंच त्यांचं भाड्याचं घर जुनं, लग्न होऊन त्या आल्या तेच. डोळे गेले तरी ते घर हाताला माहीत होतं, म्हणून त्या तिथे स्वयंपाक करायच्या, डबा भरायच्या, एकट्या राहायच्या. आता मालक ते पाडून नवीन बांधणार होता. साहेबांनी आमच्या टॉवरमध्ये याच मजल्यावर फ्लॅट घेतला. पण नव्या घरात या बाईला एकदम नेऊन सोडायचं कसं? मग त्यांनी ठरवलं की घर बांधून व्हायच्या आत तिला ते पाठ करायला लावायचं. दर रविवारी इथे आणायचं आणि मॉडेल बघून चालवायचं. आणि तिला चालवायचं तर आधी आपल्याला आलं पाहिजे, म्हणून हा गृहस्थ आठवडाभर आमच्यादेखत नसलेल्या दारातून ये-जा करत होता. स्वयंपाकघराला जुन्या घरासारखा दगडी उंबरा त्यांनी मुद्दाम टाकून घेतला होता, कारण काकूंचं पाऊल दारात उंबरा शोधायचं.

आणि मी नवऱ्याला सांगत होते, ठार वेडा.

मला इतकं भरून आलं की जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "म्हणून दार अडवलंत होय!"

"कंचं दार?" काकूंनी विचारलं.

साहेब टॅब्लेटमध्ये तोंड घालून उभे. मी जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. काकू हेल्मेट सावरत त्यांच्याकडे वळल्या. "अहो, मी विचारायले. कंचं दार?"

साहेबांनी सांगितलं. पाइप, तुळई, पोकळी, दार. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुला सगळं पाठ झालंय गं. उन्हाळाभर चाललीस. आता कुठं न विचारता ओट्यापर्यंत जायलीस. आता म्हणू का, ते पुसून टाक? पुन्हा पहिल्यापासून?"

"मग मीटिंगमध्ये सांगितलं का, बायकोसाठी पाहिजे म्हणून?"

"कसं सांगू? एका माझ्या घरासाठी सगळ्या बिल्डिंगला अडवलं म्हणतील."

"अडवलंच की!" काकू कडाडल्या. रेड्डी गारूंनी ऐकायला हवा होता तो आवाज. "खालच्या घरात पाणी गळलं तर ते लोक कुणाच्या नावानं ओरडतील? आणि मला न विचारता माझ्या दारासाठी भांडायलाव? मी काय लेकरू हाय?"

साहेब सिमेंटच्या पोत्यावर बसले. काकूंचा हात त्यांच्या आवाजाच्या दिशेने गेला, आधी खांदा सापडला, मग गाल. आवाज उतरला. "भिंत न्हाई तोवरच चुकून घ्यायचं असतंय हो. आता चुकलं तर वारा लागतोय. मग चुकलं तर कपाळ. उठा. नवीन दार कुठं हाय ते दाखवा."

"आत्ताच?"

"मग काय? रविवारी तुम्हाला दुसरं काय काम असतंय?"

साहेबांनी चष्मा पुसला. मी माझी दुरुस्ती त्यांच्या टॅब्लेटवर उघडून दिली. काकू जुन्या वाटेने निघाल्या, भिंतीच्या डाव्या टोकाशी येऊन पाय उचलला. "न्हाई," साहेब म्हणाले, "तिथं आता भिंत हाय." काकूंनी पाय मागे घेतला. "असं होय. मग चला पुढं." आणि हवेतल्या त्या भिंतीवरून हात फिरवत त्या उजवीकडे निघाल्या. तेव्हा मला तिथे थांबणं बरं वाटेना. मी निघाले. अर्थात दारातून.

सोमवारी सकाळी मंजुरी आली आणि सोबत बिस्किटांचे दोन पुडे. यादगिरीची माणसं विटांवरून उठली. रेड्डी गारूंनी डोळे बारीक केले. "क्या साब, एकदम कैसे मान गए?"

"नवीन व्हर्जन आलं," साहेब म्हणाले.

"कहाँ से?"

"घरसे."

रेड्डी गारूंना काही कळलं नाही. मी बिस्किट तोंडात कोंबून खिडकीबाहेर पाहत राहिले. टीव्ही काही बंद झाला नाही. पाइप पहिल्या फटक्यात बसला, एकही तुळई फोडावी लागली नाही, आणि पुढच्या टॉवरला रेड्डी गारूंनी स्वतःच मॉडेल मागितलं. टीव्ही म्हणूनच मागितलं, पण मागितलं.

घराचा ताबा मिळाला त्या दिवशी काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांना इथे आणायचं नाही, असं त्या दोघांचं ठरलं होतं. म्हणजे ही परीक्षाच. मजल्यावर अजून वीज आलेली नव्हती, त्यामुळे आतला पॅसेज अंधारा. काकूंनी दारात पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. साहेब त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला.

"तुम्ही दोघं इथंच थांबा. मी जाते."

"अगं, पण..."

"थांबा म्हणले ना?"

त्या आत गेल्या. आम्ही बाहेर उभे. बांगड्यांचा आवाज सरळ गेला, थांबला, वळला. साहेबांचे ओठ हलत होते. पाठांतराच्या वेळी मुलाची आई समोर बसून पुटपुटते ना, तसे. मग हाताचा भिंतीवरून घसरत जाणारा आवाज. या वेळी भिंतही होती आणि आवाजही. तो आवाज डाव्या टोकाशी आला. साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. आवाज तिथे थांबला नाही. पुढे गेला, उजव्या टोकापर्यंत, आणि बंद झाला. मग काहीच नाही. आणि आतून नळाच्या पाण्याची धार वाजली.

"अहो, पाणी आलं हो!" काकूंची हाक आली. "या आता!"

साहेबांनी चष्मा काढला. रुमाल सापडेना, शर्टाच्या टोकाने डोळे पुसले आणि चष्मा हातातच ठेवून आत धावले. पाठोपाठ मी. त्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये ते चार पावलं सरळ गेले, काटकोनात वळले, भिंतीच्या डाव्या टोकाशी आले, पाय उचलला आणि धाडकन भिंतीवर आदळले.

नळ बंद झाला.

"कोण आपटलं?" काकूंनी विचारलं.

"साहेब," मी म्हटलं.

"कुठं?"

"जुन्या दारात."

मग काकू हसल्या. अशा हसल्या की त्या रिकाम्या घरात चारही भिंतींवरून ते हसू परत आलं. हसत हसतच भिंतीला हात लावून त्या बाहेर आल्या, अंधारात चाचपून साहेबांचं कपाळ शोधलं आणि पदराने चोळलं. "माझ्याकडून घोकून घेतलं," म्हणाल्या, "आणि स्वतः विसरलाव?"

साहेबांचा चष्मा हातात, डोळे वाहत होते आणि कपाळावर टेंगूळ येत होतं. काकूंनी त्यांचं बोट धरलं.

"चला. इकडं हाय आता." त्यांना घेऊन त्या हळूहळू भिंतीच्या उजव्या टोकाला आल्या आणि दारात थांबल्या.

"उंबरा," काकू म्हणाल्या.

बिराजदार साहेबांनी पाय उचलला.